पहिलं पाणी मालकाचं

गोदावरीतल्या आमच्या बेटावर, तामरलंकेत, एखाद्या पोरीच्या हातून पावडरीची डबी पडली आणि आतल्या वडीचे तुकडे झाले, तर कुणी ती डबी फेकत नाही. आई दोन शिव्या घालते आणि म्हणते, "जा, नूकरत्नमकडे देऊन ये." शहरातले पाहुणे याला चिक्कूपणा म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या घरी फुटलेली डबी उकिरड्यावर जाते आणि दुसऱ्या दिवशी नवी येते, म्हणून ते काही आमच्यापेक्षा देखणे दिसत नाहीत.

नूकरत्नमचं काम बघायला सोपं आहे आणि करायला महाकठीण. तुकडे वाटीत घालून चमच्याच्या पाठीने इतके बारीक करायचे की चिमटीत कण लागता कामा नये. मग स्पिरिट, तेही थेंब मोजून. एक थेंब जास्त झाला की पावडर दगड होते, गालाला लागतच नाही. कमी पडला की उचलताक्षणी पुन्हा भुगा. लोण्यासारखा गोळा झाला की तो डबीत भरायचा, वर जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर जुनं जाड रुपयाचं नाणं, आणि अंगठ्याने दाबत कडेकडेने फिरायचं. मग डबी उघडी ठेवून वाळवायची. संपत आलेल्या डब्या तर तिला जास्त आवडायच्या. मधला पत्रा दिसायला लागला की कडेने पावडरीचं एक कडं उरतं. बोटाने निघत नाही, टाकवत नाही. अशी चौघींची कडी खरवडून ती एक वडी करायची, आणि तिचा रंग असा जमवायची की चौघींपैकी कुणाच्याही तोंडाला चालेल. तिच्या फळीवर नेहमी वीसबावीस डब्या वाळत असायच्या. झाकणांवर चिकटपट्टीने नावं लावलेली.

ती हे शिकली कुठे, तर इस्पितळाच्या खाटेवर. सोळाव्या वर्षी ती रेकॉर्डिंग डान्सच्या, सिनेमाच्या गाण्यांवर नाचणाऱ्या कंपनीत गेली होती. गोदावरीच्या दोन्ही काठांच्या जत्रा तिने नाचून काढल्या. पंचविसाव्या वर्षी आमच्याच गावच्या जत्रेत तिचा घोटा सुजला आणि ती फळ्यांच्या स्टेजवर मट्‌कन खाली बसली. पुढच्या खुर्चीत सूरन्ना होता. तेव्हा त्याच्या बापाची कोळंबीची तळी नुकतीच भरभराटीला आली होती आणि पोरगा उधळला होता. त्याला तेच गाणं चौथ्यांदा हवं होतं. "ऊठ!" तो ओरडला. ती म्हणाली, "पाय सुजलाय, बाबू." त्याने हातातली सोड्याची बाटली फेकून मारली. डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंत गाल उसवला. कमरेला खोचलेली पावडरीची डबीही त्या पडण्यात फुटली.

तिचा धाकटा भाऊ सत्तीबाबू तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याने तिला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि एका हाताने हॅंडल, दुसऱ्या हाताने तिचा गाल घट्ट दाबून धरत अमलापुरम गाठलं. टाके एकोणीस पडले. अकरा दिवस खाटेवर पडून तिला वेड लागायची पाळी आली, तेव्हा तिने नर्सकडून बुडभर स्पिरिट मागून घेतलं आणि फुटकी डबी जोडत बसली. पहिल्या पाच वेळा बिघडली. सहाव्यांदा जमली. कंपनी तोवर तिला सोडून पुढच्या गावी गेली होती.

फिर्याद वगैरे कुणी केली नाही. सूरन्नावर कोण फिर्याद करणार? उलट चार वर्षांनी सत्तीबाबू त्याच्याकडेच झुंजीचे कोंबडे सांभाळायला लागला. त्यांना बदाम आणि खिमा भरवायचा, त्यांना पोहायला लावायचं, संक्रांतीला त्यांच्या पायाला कत्ती, म्हणजे झुंजीचं धारदार पातं, बांधायची. कत्ती बांधण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तामरलंकेत नव्हता. नूकरत्नम वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. शेवटी एक दिवस तो उंबऱ्यात येऊन म्हणाला, "अक्का, मला दुसरं काही येत नाही. पोट आहे. तू बोलली नाहीस तर मी इथेच बसतो." दुपार टळेपर्यंत बसला. तिने भात वाढला. त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली, पण सूरन्नाला तिने माफ केलं नाही आणि ते लपवलंही नाही. देवळात तो दिसला की ती जमिनीवर थुंकायची. तो हसायचा.

यंदा भोगीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, सूरन्ना दोन माणसं घेऊन तिच्या घरी आला. सत्तीला त्याने मुद्दाम राजमंड्रीला बदाम आणायला पिटाळलं होतं. तो फळीवरच्या डब्या बघत उभा राहिला. तोंडावर रुमाल. घरात पावडर उडत होती, म्हणून धरला असेल असं तिला वाटलं.

"ओळखलंस का, रत्नम?"

"तुम्हाला कोण ओळखत नाही, सूरन्नागारू? डास पण ओळखतात."

"जीभ अजून तशीच आहे. ऐक. माझा एक कोंबडा आहे, डेगा. तळ्यावर वेगळा ठेवलाय, सत्तीने बघितलेला नाही. यंदाचा सगळ्यात भारी. कोंबड्यांच्या पंचांगात भोगीचा तिसरा प्रहर डेग्याचा, तेव्हा तो जिंकायचाच. त्या वेळी लाल मानेचा डेगा घेऊन उतरलो तर समोर कुणी कोंबडा सोडणारच नाही. त्याची मान काळी करून दे. सवला दिसला पाहिजे."

"आणि सवल्याचं त्या प्रहरी मरण आहे."

"हुशार आहेस. समोरच्याला तेच वाटलं पाहिजे."

"मी बायांच्या तोंडाला लावते. कोंबड्यांच्या नाही."

सूरन्नाने मान हलवली. त्याच्या माणसाने हातातली काठी फळीवरून आडवी फिरवली. तेवीस डब्या जमिनीवर आल्या. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या नोकरीच्या पहिल्या पगाराची, मास्तरणीची, कंपाउंडरच्या बायकोची. मग सूरन्ना स्वतः पुढे झाला आणि चपलेची टाच एकेकीवर ठेवून गोल फिरवत गेला. घरभर गुलाबी धुरळा उठला. नूकरत्नमने त्याचा पाय धरला, तसं त्याने तिला केसांना धरून वर उचललं आणि डाव्या गालावरच्या वणावरून अंगठा ओढला.

"ही माझ्या हातची रेघ ना? उजवीकडे जोड काढून देऊ?"

त्याने केस सोडले, तशी ती भुग्यात खाली बसली.

"आणि सत्तीला कळता कामा नये. त्याच्या तोंडावर सगळं दिसतं, गाढव आहे. त्याला कळलं असं मला कळलं, तर मी त्याला कोळंबीच्या तळ्यात उभा गाडीन. वरून पाणी सोडीन. तू किनाऱ्यावर बसून बघ."

"बरं," ती म्हणाली.

"पाणी लागलं तर रंग सुटेल?"

"नाचणाऱ्या पोरींना घाम येतो, बाबू. तेव्हा सुटतो का?"

तो समजला ते समजला. ती खोटं बोलली नव्हती. नाचणाऱ्या पोरींसाठी ती पावडर स्पिरिटवर दाबतच नाही. त्यांची ती मेण आणि खोबरेल वितळवून त्यात मळते, मग घामच काय, पाऊस लागला तरी हलत नाही. स्पिरिटचं तसं नाही. स्पिरिट उडून जातं आणि मागे नुसती दाबलेली पावडर राहते. पाण्याचा एक शिंतोडा पडला की सगळं वाहून जातं.

ते गेल्यावर तिने जमिनीवरून भुगा गोळा केला. गुलाबी आणि गोरे रंग बाजूला काढले. डोळ्यांच्या पावडरीतले काळे, जांभळे, कॉफीच्या रंगाचे कण वेगळे वाटले. कपाटात मेण होतं. खोबरेल चुलीशेजारीच होतं. तिने स्पिरिटची बाटली घेतली.

का घेतली ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. झुंजीच्या दोन फेऱ्यांमध्ये कोंबडा उचलतात आणि दमलेल्या जनावराच्या मानेवर, तोंडावर तोंडाने पाण्याची फुंकर मारतात. सूरन्नाच्या घराची रीत अशी की भोगीच्या झुंजीला कोंबडा मालकाने स्वतः धरायचा आणि पहिलं पाणी मालकाने मारायचं. बाप मारायचा, बापामागे बावीस वर्षं सूरन्ना मारत आला. एक भोगी चुकली नाही. म्हणजे त्याच्याच तोंडातलं पाणी, त्याच्याच हातातला कोंबडा, आणि पाचशे माणसांदेखत काळा रंग त्याच्याच मनगटावरून गळणार. बनावट कोंबडा आणणाऱ्याचं रिंगणात काय होतं, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हा विचार सुचला तेव्हा तिला भीती वाटली नाही, गोड वाटलं. मी तिची बाजू घेत नाही. पण बावीस वर्षं आरशात ती रेघ बघून ज्याने पावडर लावलेली नाही, त्याने तिला शहाणपण शिकवू नये.

शनिवारी त्यांनी डेगा आणला. एकाने पंख धरले, एकाने चोच. तिने एकेक पीस दोन बोटांत धरून त्यावर ओला रंग दाबला, वारा घातला, पुन्हा दाबला. मान काळीभोर झाली. इतकी सुंदर जमली की सूरन्नाचा माणूस "अब्बा!" म्हणाला. तिला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला आणि त्या अभिमानाचा रागही आला.

त्या दिवशी संध्याकाळी सत्ती येऊन गुळाचे गोड अरिसे खाऊन गेला. "अक्का, फळी रिकामी कशी?" त्याने विचारलं.

"सणाला सगळ्या घेऊन गेल्या."

"गालाला काय झालं? लाल दिसतोय."

"डास."

तो हसला. "उद्या ये बघायला. सवला सोडतोय मालक, तिसऱ्या प्रहरी. वेडा झालाय. मला तर तो सवला कुठून आणला तेच माहीत नाही. आमच्या खुराड्यात नव्हता."

सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. पण तळं आठवलं. तिने त्याच्या ताटात आणखी एक अरिसा वाढला.

भोगीला ताडांच्या बनात पाय ठेवायला जागा नव्हती. नूकरत्नम भज्यांच्या गाड्यापाशी, बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. समोरचा कोंबडा म्हातार्‍या लोवराजूचा होता, मोरपंखी पाठीचा. लोवराजूने पंचांग उघडलं, काळी मान बघितली, पोराकडे बघून डोळा मारला आणि झुंज कबूल केली. सत्तीने खाली बसून डेग्याच्या पायाला तीन इंची कत्ती बांधली, दोरा दातांनी ताणला, गाठ तपासली. मग तो उठला आणि रीत म्हणून कोंबडा आधी मालकापुढे धरला.

सूरन्ना खुर्चीत बसून होता. तोंडावर रुमाल. त्याने हात हलवला. तूच धर.

सत्ती कोंबडा घेऊन रिंगणात गेला.

"सत्ती!" नूकरत्नम ओरडली. पाचशे माणसं ओरडत होती, तिचा आवाज कोण ऐकणार? तिने समोरच्या माणसाला ढकललं. त्याने कोपराने तिची बरगडी शेकली. ती खाली वाकून पायांमधून शिरली. कुणीतरी तिच्या बोटांवर बूट ठेवला, कुणी पदर ओढला, कुणी म्हणालं, "ए बाई, इकडे कुठे?" तोवर कोंबडे सुटले होते. दोन्ही हवेत भिडले, पिसं उडाली, लोवराजूच्या कोंबड्याची मांडी हाडापर्यंत फाटली आणि वाळूवर लाल पिचकारी उमटली. पुन्हा भिडले. डेग्याच्या तुऱ्याचा तुकडा उडाला. पंच ओरडला, "उचला!"

सत्तीने डेगा काखेत घेतला, लोटा उचलला आणि तोंडात पाणी भरलं.

ती कुंपणाच्या बांबूखालून रिंगणात आली. बाई रिंगणात पाय ठेवत नाही, म्हणून पहिली ओळ गप्पच झाली. "नको! सत्ती, थुंक ते!" तिने लोट्याला खालून फटका मारला. लोटा उलटा झाला आणि सगळं पाणी डेग्याच्या मानेवर आलं. सत्ती दचकला, त्याच्या तोंडातलं पाणीही तिथेच फुटलं.

काळं पाणी त्याच्या दंडावरून, कोपरावरून, धोतरावर ओघळायला लागलं. खालून लाल मान दिसायला लागली.

लोवराजूचा थोरला पोरगा सगळ्यात जवळ होता. त्याच्या हातात सुटी कत्ती होती. ती त्याने सत्तीवर उगारली. सत्तीने चेहरा वाचवायला उजवा हात वर केला आणि कत्ती अंगठ्याच्या बुंध्यापासून मनगटापर्यंत उतरली. कोंबडा निसटला, जाता जाता पायातल्या कत्तीने सत्तीची मांडी फाडून गेला. मग सगळे तुटून पडले. काठ्या, बांबू, खुर्चीचे पाय. नूकरत्नमने स्वतःला भावावर झोकून दिलं. पाठीत पहिला बांबू बसला तेव्हा तिचा श्वास गेला, दुसऱ्याला आत काहीतरी मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला.

"मी रंगवलाय!" ती किंचाळत होती. "सूरन्नाने रंगवून घेतलाय! याला माहीत नाही! याला काही माहीत नाही!"

"मला काय ठाऊक?" सूरन्ना धावत आला. "बहीणभावाने मिळून मला फसवलं! मारा यांना!" आणि सगळ्यांना दिसेल अशी एक लाथ त्याने सत्तीच्या पोटात घातली, एक तिच्या तोंडावर. तिचं नाक फुटलं.

"थांबा रे," म्हातारा लोवराजू म्हणाला. त्याने हळू म्हटलं, पण लोक थांबले. "सूरन्ना, बावीस वर्षं पहिलं पाणी तू मारतोस. आजच का नाही मारलंस?"

सूरन्नाने तोंडावरचा रुमाल घट्ट धरला.

"बोल की. मान रंगवलेली आहे हे माहीत नव्हतं, तर मग पाण्याला का घाबरलास?"

"दात," सूरन्ना रुमालाआडून म्हणाला.

"काय?"

"दात बसवलेत नवे! फुंकर बसत नाही, पाणी गळतं!" आणि कुणाचा विश्वास बसेना म्हणून त्याने वरची कवळी काढून हातावर धरली.

अख्खं रिंगण हसलं. सत्ती रक्तात पडलेला, त्याच्यावर ती पडलेली, आणि पाचशे माणसं पोट धरून हसली. गंमत अशी की तो माणूस त्या दिवशी एवढी एकच गोष्ट खरी बोलला होता.

"म्हणजे दातही खोटे आणि मानही खोटी," लोवराजू म्हणाला, आणि हसणं थांबलं.

पहिला बांबू सूरन्नाच्या गुडघ्यावर बसला. तो पडला. मग त्याला उठू दिलं नाही. ज्यांचे पैजेचे पैसे बुडाले ते मारत होतेच, पण कोळंबीच्या तळ्यांवर वर्षानुवर्षं त्याच्या लाथा खाल्लेले लोकही मारत होते, आणि त्यांना कोंबड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. कवळी पायांखाली गेली. त्याचा जबडा मोडला, एक डोळा गेला, दोन्ही गुडघे गेले. तो ओरडत होता, नंतर नुसता घोरल्यासारखा आवाज येत राहिला. दहा पावलांवर हे चाललं होतं. बावीस वर्षं नूकरत्नमने जे बघायची वाट पाहिली ते हेच, आणि तिने तिकडे मान वळवून पाहिलं नाही. ती भावाच्या मनगटावर पदराची गाठ मारत होती. रक्त थांबत नव्हतं. "दाब," ती स्वतःलाच सांगत होती, "दाब, दाब."

तिच्या तीन बरगड्या मोडल्या. सत्ती वाचला. पण उजवा अंगठा गेला तो गेलाच. आतल्या शिरा तुटल्या, तो आता वळत नाही. भात कालवता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, मग कत्ती कसली बांधतोय. सूरन्ना अजून जिवंत आहे, खाटेवर आहे. त्याच्या तळ्यांची आता भावकी वाटणी करते आहे.

इस्पितळातून आल्यावर सत्ती अक्काच्या घरीच राहिला. पाचव्या दिवशी दुपारी ती त्याला गोंगुऱ्याचा, म्हणजे अंबाडीचा, भात भरवत होती, तेव्हा त्याने विचारलं, "पाणी लागलं की सुटेल, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"न सुटणारं करता आलं असतं?"

"आलं असतं."

"मालकाचा जीव जावा म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "तुझा नाही रे. तुझा कधीच नाही. पहिलं पाणी तो मारतो, दरवर्षी तोच मारतो, म्हणून..." तिला रडू फुटलं. "तुला सांगितलं तर तो तुला गाडणार होता, म्हणून नाही सांगितलं."

"मला नुसतं विचारलं असतंस, अक्का," सत्ती म्हणाला. "त्याला राजमंड्रीला दात बसवायला मीच घेऊन गेलो होतो. मंगळवारी. येताना सगळ्या वाटेने तो मला सांगत होता, सत्ती, यंदा पाणी तू मारायचं."

तिच्या हातात घास होता. तो तसाच हातात राहिला. बाहेर कुणीतरी पोरगी डबी घेऊन आली होती, दारातून हाका मारत होती, आणि दोघांपैकी कुणी ओ देईना. मग सत्तीला भूक होती म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि तिने त्याला घास भरवला.